काढलेले केस आणि गेलेले केस

गंगाखेडला गोदावरीच्या काठावर वडिलांच्या दहाव्याला बसलेला मुलगा डोके भादरून घेतो आणि तेरावा झाला की तसाच दुकानावर, शाळेवर किंवा शेतावर जातो. कोणी त्याच्याकडे टवकारून पाहत नाही. भेटणारा उलट आवाज खाली आणून विचारपूस करतो. तिरुपतीचा नवस फेडून आलेली कुटुंबे गुळगुळीत डोक्यांनी परभणीच्या स्टेशनावर उतरतात आणि गल्लीभर प्रसाद वाटतात. जावळ काढलेल्या बाळाचे तर कौतुकच होते. पण याच जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला कानामागे रुपयाएवढी चाई पडली, तर तो टोपी काढेनासा होतो, ओळखीच्या न्हाव्याकडे जायचे टाळतो, लग्नाच्या पंगतीला दुखण्याचे निमित्त सांगतो. सगळे डोके भादरले तरी ज्याला काही वाटले नसते, त्याला एवढासा चट्टा झोपू देत नाही. गेलेल्या केसांचा हिशोब केला, तर हे उलटेच म्हणायला हवे.

या कोड्याचे उत्तर शोधले की केसगळतीचा माणसाच्या जगण्यावर होणारा परिणाम समजू लागतो. दुःख किती केस गेले यावर ठरत नाही. केस जाणे आपल्या हातात होते का, त्याचे कारण आणि शेवट ठाऊक आहे का, आणि भोवतालची माणसे त्या डोक्यावरून आपल्याविषयी काय समजून घेतात, या तीन गोष्टींवर ते ठरते. दहाव्याच्या मुलाला तिन्ही बाजूंनी आधार असतो. चाई पडलेल्या मुलाला एकाही बाजूने नसतो.

शेगावच्या गावांत काय घडले

हे तपासून पाहायला परभणीपासून फार लांब जावे लागत नाही. पूर्णा-अकोला लोहमार्गाने वर गेले की अकोल्यापुढे शेगाव येते. गजानन महाराजांच्या दर्शनाला परभणीची माणसे नेहमी जातात, ते हेच गाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ अखेरपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुले, तरुण मुली, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. आकडा वाढत १८ गावांत २७९ वर गेला. बोअरच्या खाऱ्या पाण्यातल्या नायट्रेटवर, बुरशीवर, शाम्पूवर संशय आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने नेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीतून वेगळे कारण मांडले: रेशनच्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार जास्त आहे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आहे.

सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कणभर. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर ते त्रासदायक ठरू लागते. बावस्करांनी तपासलेल्या गव्हात ते किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम होते. अशा गव्हाच्या पाव किलो पिठाच्या पोळ्या दिवसात पोटात गेल्या, तर साडेतीन मिलिग्रॅम सेलेनियम आत जाते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या आठपटीहून जास्त. केस आणि नखे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात आणि त्या प्रथिनाला बळकटी देतात गंधकाचे दुवे. सेलेनियमचा स्वभाव गंधकासारखाच असल्याने जास्त झाले की ते गंधकाच्या जागी घुसते आणि दुवे कच्चे पडतात, असे समजले जाते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातल्या काही जणांची नखेही ठिसूळ होऊन गळू लागली, ते या स्पष्टीकरणाशी जुळते.

इथवर ही विषाची गोष्ट आहे. जगण्याची गोष्ट पुढे सुरू होते. बाधितांमध्ये कॉलेजात जाणारी मुले-मुली बरीच होती. त्यांच्या शिक्षणात खंड पडला, ठरलेली लग्ने अडली. बातम्यांतून ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पसरले आणि जो आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होतच नव्हता, त्याच्या भीतीने लोक या गावांतल्या माणसांपासून अंतर राखू लागले. आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या कोड्यासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. अनेकांनी उरलेले केस स्वतःहून भादरून टाकले. केस वाचावेत म्हणून तळमळणाऱ्या माणसाने उरलेलेही काढून टाकावेत, हे वरवर विपरीत वाटते. पण अर्धवट गळलेले डोके पाहणाऱ्याला रोग सांगते, आणि भादरलेले डोके नवस किंवा सुतक सांगते. शिवाय भादरण्याची वेळ माणूस स्वतः ठरवतो. हातातून निसटलेल्या गोष्टीचा तेवढा तरी भाग परत हातात येतो. केमोथेरपी सुरू होण्याआधीच केस बारीक कापून घेणाऱ्या स्त्रिया बार्शीच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयांत असतात, त्यांचेही कारण हेच.

तीन महिन्यांचे अंतर

केस गळण्याचे शरीरातले गणित थोडे समजून घेऊ, कारण मनाचा घोळ तिथूनच सुरू होतो. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वाढतो: दोन ते सहा वर्षे वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, सुमारे तीन महिने विश्रांती, मग तो गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. सगळ्यांचे वेळापत्रक वेगवेगळे असल्याने रोज ५० ते १०० केस गळूनही डोके भरलेले दिसते. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार असे काही झाले की शरीर खर्चाला कात्री लावते. दुष्काळात घरातला कर्ता माणूस धान्य आणि चाऱ्याचे आधी बघतो आणि घराला रंग द्यायचे पुढच्या सालावर टाकतो, तसे शरीर हृदय-मेंदूकडे आधी पाहते आणि हजारो केसांची वाढ एकदम थांबवते. हे केस लगेच गळत नाहीत. विश्रांतीचे तीन महिने संपले की सगळे एकदम गळू लागतात.

या तीन महिन्यांच्या अंतराने फार अनर्थ होतो. करोनाच्या लाटांनंतर असंख्य लोकांनी हे अनुभवले. ताप उतरून माणूस कामाला लागला आणि मग कंगवा भरून केस येऊ लागले. एवढ्या उशिराने आलेला परिणाम कोणी त्या तापाशी जोडत नाही. मग कारण शोधले जाते समोर दिसणाऱ्या गोष्टींत: नवे तेल, टँकरचे पाणी, कोणाची तरी नजर. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणाऱ्या बाईला घरातूनच ऐकावे लागते की तू डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीस, ओल्या केसांनी झोपलीस. कारण चुकले की उपाय चुकतो, आणि उपाय चुकला की दोष त्या व्यक्तीवर येतो. तिचे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप परत येतात. तोवर ती मात्र स्वतःला बोल लावत राहते.

> चौकट: गळतीचे चार प्रकार, चार वेगळे शेवट
> ताप, बाळंतपण किंवा कुपोषणानंतरची गळती डोकेभर विरळ होते आणि कारण दूर झाले की सहसा भरून येते. चाईत शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चट्टा गोल व गुळगुळीत असतो, तो स्पर्शाने पसरत नाही. एक-दोन चट्टे अनेकदा एका वर्षात आपणहून भरतात, मात्र परत येऊ शकतात. आनुवंशिक टक्कल हळूहळू वाढते. औषधे ते थोपवू शकतात, पण थांबवली की परिणाम ओसरतो. लहान मुलांत खवले, खाज आणि तुटके केस दिसले तर बुरशी असू शकते. ती संसर्गाने पसरते आणि तिला पोटातून औषध लागते. चारही प्रकारांना गावात एकच तेल सुचवले जाते, म्हणून आधी निदान.

मनात काय चालते

चेहऱ्याची चौकट केसांनी बनते. आरशात किंवा फोटोत आपण स्वतःला ओळखतो ते त्या चौकटीसकट. ती बदलली की मेंदूला आपलेच रूप थोडे परके वाटते आणि लक्ष सारखे तिकडे ओढले जाते. माणूस दिवसातून अनेकदा डोके चाचपतो, उशीवरचे केस मोजतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मागचा भाग पाहतो. जिथे लक्ष राहते ती गोष्ट मोठी होत जाते. आणि जे आपल्या नजरेत सतत आहे ते सगळ्यांच्या नजरेत आहे, असे वाटू लागते. २००० साली कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. किती जणांचे लक्ष गेले असेल, याचा त्यांचा अंदाज खऱ्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

यापुढचा टप्पा जास्त घातक आहे. लोक पाहतील या भीतीने माणूस जाणे टाळतो. टाळले की त्या दिवसापुरते हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणेच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. बाहेर गेला असता तर कदाचित कोणी काही बोलले नसते, हे त्याला कळण्याची संधीच उरत नाही. भीती तशीच राहते आणि वर्तुळ आक्रसत जाते: आधी फोटो, मग पोहणे, मग पंगत, मग वर्ग. जीवनाची प्रत घसरते ती अशी. यात केसांचा वाटा सुरुवातीचा असतो, टाळण्याचा वाटा रोजचा.

म्हणूनच डॉक्टरच्या डोळ्यांनी मोजलेली गळती आणि रुग्णाचे दुःख यांचा मेळ बसत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वेगवेगळ्या प्रकारची केसगळती असलेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवलेल्या तीव्रतेवरून त्यांच्या जीवनाच्या प्रतीचा भरवशाचा अंदाज करता आला नाही. ‘थोडेच तर गेलेत’ हे वाक्य दवाखान्यात सर्रास ऐकू येते. ते डोक्याबद्दल खरे असले, तरी माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

लोक डोक्यावर काय वाचतात

मनातली भीती निव्वळ कल्पनेची असती, तर समजूत घालून काम भागले असते. पण लोक खरोखरच काहीतरी वाचतात, आणि काय वाचायचे हे समाजाने ठरवलेले असते. महाराष्ट्राच्या इतिहासात याचा कठोर पुरावा आहे. ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत विधवेचे केशवपन होत असे. गोदाकाठच्या मुलाचे डोके आणि त्या विधवेचे डोके, वस्तरा एकच. मुलाचे केस पितृऋणासाठी जात आणि पुन्हा वाढत. विधवेचे केस तिला कुरूप आणि अशुभ ठरवण्यासाठी काढले जात, आणि पुन्हा पुन्हा काढले जात. केस काढून माणसाचे समाजातले स्थान काढून घेता येते, हे त्या रूढीला पक्के ठाऊक होते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनाच ते काम क्रूर वाटले.

याच्या अगदी उलट टोकाची आठवणही परभणी जिल्ह्यातच आहे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत त्या वेणी उकलतात आणि विठ्ठल त्यांच्या डोक्याला लोणी चोळतो. जिला कोणी नाही अशा दासीला देव आपली मानतो, हे दाखवायला केसांची निगा हीच कृती वापरली आहे. आजही आई मुलीचे केस विंचरते, नणंद भावजयीची वेणी घालते, बाळंतिणीला न्हाऊ घातले जाते. खेड्यात डोईवर पदर असतो, तेव्हा बाईचे केस कोणाला दिसतात, असा प्रश्न पुरुष करतात. दिसतात ते या जवळच्या हातांना. आणि ज्यांच्यापासून लपवावेसे वाटते त्यांत हेच हात पहिले असतात, म्हणून केस गेलेली बाई एकटी पडते ती आपल्याच घरात.

स्थळ पाहण्याच्या चालीने हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीचे केस पाहिले जातात, हल्ली बायोडेटासोबतच्या फोटोत मुलाचे कपाळही. शेगावच्या गावांतली लग्ने अडली त्यामागे हीच नजर होती. आजार घराण्यात आहे का, पुढच्या पिढीत जाईल का, अशा शंका कोणी तोंडाने विचारल्या नाहीत तरी हवेत राहतात.

‘केसांचेच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

पहिला आक्षेप असा की अर्ध्याअधिक पुरुषांना वयोमानाने टक्कल पडते आणि ते मजेत जगतात. हे बरेचसे खरे आहे, आणि त्याने इथल्या म्हणण्याला बळच मिळते. पन्नाशीचे टक्कल हळूहळू येते, वडिलांचे पाहिलेले असते, भोवती तसेच दहाजण असतात, आणि टकलाला मान देणारी नजरही समाजात आहे. तेच टक्कल बाविसाव्या वर्षी पडले की हे सगळे आधार जातात. स्त्रीला तर ते कधीच नसतात. टॉमस कॅश या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये केलेल्या तुलनेत, आनुवंशिक केसगळतीचा त्रास पुरुषांहून स्त्रियांना जास्त होत असल्याचे दिसले होते.

दुसरा आक्षेप: चिंतेनेच केस गळतात, चिंता सोडा म्हणजे येतील. यातही तथ्याचा अंश आहे. २०२१ मध्ये हार्वर्डच्या या-चिए सू यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की ताणाचे संप्रेरक केसांची मुळे दीर्घकाळ विश्रांतीत अडकवून ठेवते. पण ‘चिंता सोड’ म्हटल्याने चिंता कमी होत नाही. उलट केस गेल्याचे खापरही चिंता करणाऱ्याच्याच माथी येते. सेलेनियमने केस गेलेल्या मुलीला हे सांगणे तर सरळ चुकीचे ठरले असते. चिंता कमी करायची असेल, तर तिला कारण आणि मुदत सांगावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीन पावसाच्या भरवशावर आहे, तिथे केसांची चिंता ही शहरी चैन नाही का? पण शेगावच्या गावांत ही वेळ आली ती रेशनचे धान्य खाणाऱ्या घरांवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि लोह कमी पडल्याचा संशय केसगळतीत डॉक्टर आधी तपासतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह आणि जस्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये दिली, ती याच कमतरतेवर. केस हा आहाराचा आणि विषबाधेचा सर्वांना दिसणारा पुरावा आहे. गरीब माणसाची केसगळती चैनीत काढली, तर तो पुरावाही दुर्लक्षित राहतो. शिवाय दुःखांची रांग लावून मोठे संपेपर्यंत धाकट्याने थांबावे, असे दवाखान्यात कधीच चालत नाही. मोडलेल्या हाताला कोणी कर्करोगाचे नाव सांगून परत पाठवत नाही.

मोजायचे कसे, विचारायचे काय

त्वचेच्या आजाराने जगणे किती बिघडले हे मोजायला कार्डिफच्या अँड्र्यू फिन्ले आणि गुल करीम खान यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. गेल्या आठवड्यात खाज-दुखणे किती, संकोच किती, घरकाम-खरेदी, कपडे, भेटीगाठी, खेळ, काम-अभ्यास, जवळची नाती, लैंगिक अडचण आणि उपचाराचा व्याप, असे ते प्रश्न. गुण शून्य ते तीस. दहाच्या वर गेले की जगण्यावर फार मोठा परिणाम समजतात. ही पट्टी उपयोगी आहे, पण केसगळतीला ती तोकडी पडते. केस बहुधा न दुखता, न खाजता जातात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे गुण वायाच जातात. आणि मोडलेल्या सोयरिकीसाठी तिच्यात जागाच नाही.

जिंतूर, सेलू किंवा पालमच्या सरकारी रुग्णालयात दहा प्रश्न विचारायला वेळ नसतो, हे मान्य. पण तीन प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. यामुळे कुठे जायचे टाळले का? शाळा, काम किंवा लग्नाचे काही अडले का? हे तुमच्या चुकीने झाले असे वाटते का, किंवा घरात कोणी तसे म्हणते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर टाळलेल्या जागांपैकी सर्वांत सोप्या जागी याच आठवड्यात, सोबत घेऊन, जाऊन यायला सांगावे. दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. शेगावमध्ये असा कागद घरोघर आधी पोचायला हवा होता. तिसऱ्याचे ‘हो’ असेल, तर कारण आणि अंदाजे मुदत घरच्या माणसासमोर सांगावी. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आशाताईंच्या वहीत ताप आणि जुलाबांची नोंद होते. एका गावात आठवड्याभरात दोन-तीन घरांतून केस जाऊ लागले, तर तीही नोंद त्याच वहीत व्हावी आणि त्या घरांतल्या गव्हाचा नमुना बाधितांच्या रक्तासोबतच तपासायला जावा.